तुळजारामचा कान

१ मार्च, शनिवार
आजपासून काम सुरू. हेडफोन ॲम्प्लिफायर, हायब्रिड. पुढे काचेची ट्यूब, गोडव्यासाठी. मागे ट्रान्झिस्टर, ताकदीसाठी. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची सर्किटं तपासली. आता स्वतःचं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आपल्या मराठी संघाची सभा आहे, तिथे सगळ्यांना ऐकवणार. सेक्रेटरी लक्ष्मीप्रियाला सांगूनही टाकलं. आठ आठवडे म्हणजे भरपूर. खरं तर तीनच लागतील.
घरात मराठी सगळे बोलतात, पण शाळा तमिळ, त्यामुळे वाचत कुणी नाही. म्हणून ही वही टेबलावर उघडी राहिली तरी चालते.

२ मार्च, रविवार
तुळजाराम आला. दर रविवारी येतो तसा, ओरत्तनाडूहून बसने, दहाला. चाळीस वर्षांची दोस्ती. त्याला अधिकृत परीक्षक नेमलं. त्याचे वडील तिरुवैयारूला वीणा शिकवायचे, म्हणजे कान रक्तातच. तो काही बोलला नाही. मोठ्या कानाची माणसं कमीच बोलतात.

९ मार्च
राजलक्ष्मीने विचारलं, अहो, चकल्या-मुरुक्कूचा स्टीलचा डबा कुठे गेला? माहीत नाही म्हटलं. तोवर ट्यूबसाठी त्याला भोक पाडून झालं होतं. सांगून उपयोग काय? बायकोला संशोधनाची कदर नाही.

१६ मार्च
सुरू झाला! ट्यूब निखाऱ्यासारखी लाल. कानात मात्र घूं. भुंगा अडकल्यासारखी.
तुळजारामला हेडफोन लावून दिला. डोळे मिटून पाऊण तास ऐकलं. म्हणाला, छान. घूं ऐकू येते का विचारलं. म्हणाला, कसली घूं? सत्तर मार्क दिले.
म्हणजे दोष माझ्या कानात. उद्यापासून तेल घालायचं.

२३ मार्च
ट्यूबचं बायस व्होल्टेज अकरा वेळा बदललं. परीक्षक म्हणाला, आवाज मोकळा झाला. ऐंशी.
मला घूं तशीच. तेल बदलून बघतो.

३० मार्च
तिरुच्चीच्या जुन्या रेडिओवाल्याकडची दुसरी ट्यूब बसवली. कपॅसिटर चारही नवे. नव्वद! मी स्वतः ऐकणं बंद केलंय. एका कामाला दोन परीक्षक नकोत.

६ एप्रिल
या आठवड्यात काहीच बदललं नाही, वेळ झाला नाही. तुळजारामला बोललो नाही. तो म्हणाला, गेल्या वेळेपेक्षा पुष्कळ सुधारलाय. पंच्याण्णव.
सोल्डर मुरत असावं. लोणच्यासारखं.

१३ एप्रिल, सकाळी ११.२०
 आत्ताच लिहून ठेवतो.
पावणेअकराला करंट गेला. पंखा बंद. ट्यूब विझली. सांगायला वळलो, तर तुळजाराम डोळे मिटून मान डोलावतोय. मांडीवर ताल. घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटं. मग हेडफोन उतरवून म्हणाला, आज बेस अप्रतिम.
मी पंख्याकडे बोट दाखवलं.
त्याने वर बघितलं. मग कॉफीचं टंबलर उचललं. ते रिकामं होतं, तरी प्यायला. मग सांगितलं. लहानपणी घरात पहाटे पाचपासून शिष्यांच्या वीणा. संगीताचा तेव्हापासून वीट आलाय. मला कान आहे असं मी कधी म्हटलं? तूच म्हटलंस. आता घरी सून, नातवंडं, दोन टीव्ही. तुझे हेडफोन जाड आहेत. आठवड्यातून एक तास कुणी काही विचारत नाही. आणि त्या घूंने झोप छान लागते.
म्हणजे घूं त्याला ऐकू येत होती! पहिल्या दिवसापासून!
चाळीस वर्षं. निघून जा म्हणालो. गेला. छत्री विसरला, तीही मागून नेऊन दिली नाही.

१३ एप्रिल, संध्याकाळी
राजलक्ष्मीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तो झोपतो हे मला पहिल्याच रविवारी कळलं. घोरतो की. तुम्ही मीटरकडे बघत होता.
मग मला का सांगितलं नाही? तर म्हणाली, तुम्ही दोघंही खूश होता.
घरातसुद्धा फितुरी. यापुढे कुणावर विश्वास नाही. एकट्याने पूर्ण करणार. माझा कान उत्तम आहे, हे आता सिद्धच झालं.

२० एप्रिल
तो आला नाही. आठवडाभर ॲम्प्लिफायरलाही हात लावला नाही. मी वाट बघितली नाही. दहा ते अकरा तीन वेळा गेटपर्यंत गेलो, ते पेपरसाठी.
पेपर सहालाच आला होता.

२७ एप्रिल
सभा. लक्ष्मीप्रियाने हेडफोन लावला, लगेच काढला. अदबीने विचारलं, मामा, पाट्टु कधी सुरू होणार? म्हटलं, गाणं चालूच आहे. तिने पुन्हा लावला. म्हणाली, हो, मागे कुठेतरी कुणीतरी गातंय.
नंतर सगळे जेवायला गेले. मला भूक नव्हती. शेजारी बसून हसण्यावारी न्यायला कुणी नसलं की फजिती जास्त लागते.

४ मे
दहाला फाटक वाजलं. तुळजाराम. छत्री न्यायला आलो म्हणाला. ऊन रखरखीत. मी खुर्ची पुढे केली. तो बसला. राजलक्ष्मीने दोन कॉफ्या ठेवल्या आणि आत गेली.
कॉफी संपवून तो म्हणाला, वरुणा, डब्यावर हात ठेवला की घूं बदलते. म्हणून मी हात लांब ठेवायचो.
डबा उघडला. डब्याला अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही. एक वायर! लॅबमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांना याच्यासाठी मी शून्य द्यायचो. पाच मिनिटांत जोडली. घूं गेली. पूर्ण गेली.
महिन्याभरानंतर स्वतः नीट ऐकलं. मग हेडफोन थेट फोनला लावून तेच गाणं ऐकलं. परत ॲम्प्लिफायर. परत फोन. चार वेळा, फरक शोधत.
मग तुळजारामला दोन्ही ऐकवलं. या वेळी डोळे उघडे ठेवून ऐकलं. हेडफोन हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाला, खरं सांगू का?
मी नको म्हटलं.