माझे धवले कोणाला

मी, गुणाबाई बुधाजी घरत, वय सुमारे अडुसष्ट, राहणार पनवेल, जिल्हा कुलाबा, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहवून ठेवते. लिहिणाऱ्या आठल्ये मास्तरांनी 'धंदा घरकाम' असे घातले होते, ते मी खोडायला लावले. माझा धंदा धवलारणीचा. आमच्या आगरी लोकांत धवले गाऊन लग्न लावते ती धवलारीण. किती लग्ने लावली, असे मास्तर विचारतात. मोजायला मी काय भात विकत होते?

१. राहते घर माझ्या नवऱ्याने मिठागरात राबून बांधले व माझ्या नावे केले. ते मुलगा काशिराम यास द्यावे. त्याच्यावर माझा राग आहे, पण घर त्याच्या बापाचे आहे.

२. पुतळ्यांची माळ मुलगी दमयंती हिला. धवले शिकायला बसवले की तिचे डोके दुखायचे. माळ घालताना दुखणार नाही.

३. पेटीत लग्नांत मानाची मिळालेली लुगडी आहेत. नेरे गावच्या लग्नातले हिरवे लुगडे जाऊबाई भीमाबाई हिला द्यावे. तीही धवलारीण. तो मान आपला होता, असे ती वीस वर्षे गावभर सांगते. घे बाई. पण वऱ्हाडाची मोटार चुकू नये म्हणून नऊ कडव्यांचा धवला चारांत उरकणारीला मान कसला, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. बाकीची लुगडी सून मैना हिला.

४. आता धवले. यावरून घरात पुष्कळ बोलाचाली झाली, म्हणून सविस्तर लिहवते.

काशिराम कर्णा भाड्याने देतो. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या हळदीला मी गात असताना त्याने सिनेमाच्या गाण्यांच्या तबकड्या लावल्या. मी अर्ध्यावर उठले आणि घरी आले. लोकांना आता हेच पाहिजे, तू उगाच डोक्यात राख घालतेस, असे तो म्हणाला. पुढे बोलावणी आटली. गेल्या पावसाळ्यात घशात गाठ आली.

यंदा फाल्गुनात शेजारच्या ठमाबाईच्या नातीच्या लग्नात कर्ण्याची बॅटरी बसली. नवरी पाटावर, मांडव गप्प. ठमाबाईने हात धरून मला पुढे नेले. दोन कडवी झाली आणि माझा आवाज तुटला. मागे मैना हळदीची वाटी घेऊन उभी होती. तिने तिथून उचलले आणि शेवटापर्यंत नेले. मी तिला एक ओळ शिकवलेली नाही. उलट भात कांडताना गुणगुणली, की आवाज फाटका आहे म्हणून गप्प करायचे. वर तिने मध्ये एक कडवे पदरचे घातले. लेक सासरी गेली तरी आई चुकून तिचे ताट वाढते, असे काहीतरी. बायका रडल्या.

घरी येऊन मी तिला फैलावर घेतले. सासूने दिलेल्या धवल्याला मी उभ्या जन्मात हात लावला नाही, तू कोण लावणारी, असे विचारले.

ती खाली बघून म्हणाली, "आये, त्या जागी तुमी नेमी श्वास घ्यायला थांबता. मला ती जागा मोकली वाटली."

मी तो धवला मनातल्या मनात म्हणून पाहिला. त्या जागी मी थांबतेच.

तरी माझे सर्व धवले मैनाला देते. तिला लग्नांना जाण्यास काशिरामने अडवू नये. अडवल्यास घर दमयंतीचे. मैनाने घातलेले कडवे तसेच राहू द्यावे. मात्र मी जिवंत आहे तोवर हे तिला कोणी कळवू नये. तिसऱ्या कडव्याला तिचा सूर अजून चढतो आणि मी तिला रोज सकाळी समोर बसवते आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा केला.

मुक्काम पनवेल, तारीख २२ एप्रिल १९६१

गुणाबाई बुधाजी घरत, निशाणी अंगठा

साक्षीदार: दाजी पोशा भोईर, सही
साक्षीदार: विठू काळ्या म्हात्रे, सही
लेखनिक: वामन केशव आठल्ये, सही