झाडाला पाय लागला तो दिवस

आई,

हे लिहायचं किती दिवस टाळतेय. आधी पेन नव्हतं, पेन मिळालं तर भूक लागली, मग नोकरीच बदलली. माझं तुला माहीतच आहे. कॉलेज अर्ध्यात सोडलं हे मात्र माहीत नसेल, ते तू गेल्यानंतरचं. त्यानंतर कुठे कुठे राहिले ते सांगत बसले तर मुद्दा राहून जाईल. सध्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात एका मैत्रिणीच्या सोफ्यावर आहे. ती पीएचडी करते, मी बेकरीत पाव भाजते.

तर मुद्दा. बाबा लग्न करतायत. शनिवारी, नेपरव्हिलच्या आपल्याच घरी, चार माणसांत. व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला एक काकू आहेत, त्यांच्याशी. त्यांचेही मिस्टर वारले. फोनवर बाबा म्हणाले, "नाही आलीस तरी चालेल गं. पण ये." मी म्हटलं, बघते. तेव्हापासून तो जंगलातला दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

शाळेत आमच्या स्पॅनिशच्या वर्गाची इक्वेडोरची ट्रिप होती. सोबत यायला कुणाचेच आईवडील तयार नव्हते, म्हणून तू ऑफिसात सुट्टी टाकलीस. सकाळी होडीतून निघालो, सगळ्यांच्या पायात भाड्याचे रबरी बूट, तुझे चांगलेच मोठे. उतरल्या उतरल्या गाइडने बजावलं, कशालाही हात लावायचा नाही. पोरं माकडं शोधतायत, मी डासांना शिव्या घालतेय, तू फताक फताक करत मागून येतेयस. मग ते प्रचंड झाड येतं, मुळं भिंतीसारखी उभी. तुझा बूट एका मुळाला लागतो आणि तू काही विचार न करता वाकतेस, नमस्कार करायला मुळाला बोटं लावतेस. घरी पुस्तकाला, पेपरला, झोपलेल्या मला पाय लागला की करायचीस, तसंच. मी अजून करते. परवा बसमध्ये एका मुलाच्या बॅगला पाय लागला, मी नमस्कार केला, तर तो उठून दुसरीकडे जाऊन बसला. असो. मुळावर मुंगी होती, काळी, बोटाच्या पेराएवढी. ती डसली. तुझा हात कपाळापर्यंत पोचलाच नाही.

तू ओरडली नाहीस, मटकन खाली बसलीस. गाइड म्हणाला, उद्यापर्यंत ठणकेल, जिवाला धोका नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "युवर मॉम सेड सॉरी टू अ ट्री?" तू दात आवळून तिला म्हणालीस, "यस. इट डिडन्ट अ‍ॅक्सेप्ट." सगळा वर्ग हसला.

परतीच्या होडीत तुझा हात टम्म फुगलेला, अंगाला घाम, डोकं माझ्या खांद्यावर.

"मी मेले ना, तर तुझ्या बाबाला दुसरी करू देऊ नकोस हं."

"आई, गप."

"नाही, सांगून ठेवते. आणि त्या बाईला माझ्या मिक्सरला हात लावू द्यायचा नाही."

मी हसले. गाइडही हसला, जसं काही त्याला मराठी कळत होतं. हात आठवड्याभरात बरा झाला. पुढच्या वर्षी तुला ते दुसरंच दुखणं निघालं, आणि हॉस्पिटलात आपण जेवणाबद्दल बोललो, माझ्या मार्कांबद्दल बोललो, हे सोडून सगळं बोललो.

आता बाबांना सांगू का? त्या होडीत मराठी कळणाऱ्या आपण दोघीच. सांगितलं तर ते लग्न मोडतील, मी ओळखते त्यांना. नाहीतर करतील आणि ते वाक्य त्यांना आतून खात राहील. तू गेल्यापासून टीव्हीसमोर एकटे बसून खिचडी खातायत गं ते. मैत्रीण म्हणते, "चिल यार, आंटी जोक करत होत्या." तिला काय माहीत. मिक्सरचं गमतीत होतं, एवढं मलाही कळतं. पण आधीचं वाक्य? रोज पाव भाजताना मी ते मनात म्हणून बघते. शब्द सगळे बरोबर येतात, आवाज माझाच येतो. तुझा मला आता आठवत नाही, आई. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

खाली एक गाडी थांबलीय. नंबरप्लेट व्हर्जिनियाची. बाबा नाहीयेत, काकू एकट्याच उतरल्यात, फोटोत पाहिलंय म्हणून ओळखलं. पत्ता बाबांनीच दिला असणार. अंगात पातळ कोट. बेलकडे हात नेतायत आणि मागे घेतायत. त्यांना काय सांगायचं मला माहीत नाही. पण तुझं उत्तर येईपर्यंत त्यांना बर्फात उभं ठेवता येणार नाही. खाली जाते.