मागची गाडी

प्रिय मार्लीस,

आम्ही ॲरिझोनात सुखरूप पोचलो. तुझे गुडघे कसे आहेत?

मोटारहोममागे, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घरामागे, छोटी गाडी कशी न्यायची, यावरून निघतानाच ड्वेनशी वाजलं. त्याला ती ट्रेलरवर चढवून पट्ट्यांनी बांधायची होती. मी म्हटलं, "ते पट्टे मला एकटीला सुटायचे नाहीत. दांडा लावून चारही चाकांवर ओढू."

"एकटीला कशाला? मी काय मेलोय?" तो म्हणाला. पण ऐकलं.

मंगळवारी इथल्याच वाळवंटात त्याच्या छातीत कळ आली. मी दांड्याची खीळ काढली आणि छोट्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं.

आता बरा आहे. त्याला गाडी चालवायला मनाई आहे, म्हणून मी मोटारहोम चालवायला शिकतेय. तो शेजारी बसून ओरडतो. ओरडू देते.

आईला सांगू नकोस.

तुझीच,
जोलीन