चौथा ठिपका

शनिवार, ९ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. चाळिशीला टेकलास तरी मायना बदलायला हात धजत नाही. तिकडे भाड्याच्या खोलीत नीट जेवतोस ना? इकडे आईचा गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते. 'नजरेसमोर नको' म्हणून तुला घालवलं खरं, पण तुझं पत्र आलं की आधी तीच फोडते. तुझी लेक शाळेत जाते, अभ्यास करते. तुझा फोन आला की मात्र बाथरूममध्ये जाऊन कडी लावते. हे तुला माहीत आहे, उगाच लिहिलं.

गाडीचं विचारलं होतंस. शेडमध्येच आहे, ताडपत्रीखाली. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा त्याला वाटेला लावलं. "त्या डबड्यात काय जीव अडकलाय तुझा?" आई विचारते. सुटे भाग कामाला येतील, म्हणते मी.

घेतली तेव्हा काय वेड लागलं होतं आपल्याला! दोन सीटची, चौदा वर्षं वापरलेली, तरी तोरा नव्या नवरीचा. गॅरेजवाल्याला बोट लावू द्यायचं नाही, हा माझा हट्ट. रविवारी तू जॅक लावायचास, मी बोल्ट आवळायचे. पाना 'कट्' म्हणाला की बोल्टच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका म्हणजे पक्का, पुन्हा बघायला नको. बाटली तुझ्या बायकोनेच दिलेली. "ताई, हा रंग माझ्या नखांना शोभत नाही, तुमच्या बोल्टांना शोभतो का बघा."

काल वकिलांचा फोन आला. सोमवारी कोर्टात तू गुन्हा कबूल करणार आहेस म्हणे. 'अपघातात माझ्या वेगामुळेच बायको गेली' असं सांगणार.

टिल्लू, तसं सांगू नकोस.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तू म्हणाला होतास, ब्रेक दाबला आणि गाडी आपोआप डावीकडे ओढली गेली. पोलिसांनी ते कानाआड केलं. आणि मी तुझ्या उशाशी बसून म्हणाले, "वेगात तसं वाटतं रे." त्यानंतर तू ते पुन्हा बोलला नाहीस.

पोलिसांनी गाडी परत दिल्यावर मी पुढचं डावं चाक उघडलं. ब्रेकचा कॅलिपर एका बोल्टवर लोंबकळत होता. दुसरा बोल्ट नव्हताच. तुटला असता तर तुकडा आत राहिला असता. आटे नव्यासारखे कोरे होते. तो नुसता हाताने फिरवून बसवलेला होता. चालता चालता सुटत गेला आणि त्या वळणावर कॅलिपर चाकात अडकला. वेग तुझा होताच, पण तिथून आपण दोघं याहून जोरात गेलोय.

अपघाताच्या आधीच्या रविवारी आपण नवे ब्रेक पॅड बसवले. पुढच्या दोन चाकांचे चार बोल्ट. नेलपॉलिश सुकत आली होती, झाकण सारखं उघडायला नको म्हणून मी चारही ठिपके आधीच देऊन टाकले. मग आवळायला घेतलं. तीन झाले. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. उठले, हात धुतले, पोटभर जेवले.

जेवण झाल्यावर तू वाकून पाहिलंस आणि विचारलंस, "ताई, झालं ना सगळं?"

मी म्हणाले, "ठिपका दिसतोय ना? मग चढव चाक."

अकरा महिने मी हे गिळून बसले. भीती वाटली. तुझी, आईची, सगळ्यात जास्त पोरीची. रोज सकाळी मी तिच्या वेण्या घालते. एकदा तिने विचारलं, "आत्या, बाबांनी मुद्दाम जोरात चालवली का?" मी तोंडात रिबीन धरली होती, ती तशीच धरून ठेवली.

काल तो कॅलिपर पिशवीत घालून वकिलांकडे देऊन आले. लेखी जबाबही दिला. सोमवारी मी तिथे असेन. बोलायचं ते मी बोलेन.

संध्याकाळी आईला आणि पोरीला समोर बसवून सगळं सांगितलं. आई उठून आत गेली. आज सकाळी पोरीने वेण्या आजीकडून घालून घेतल्या.

हे पत्र वकिलांच्या माणसाहाती पाठवतेय, आजच मिळेल; वाचलंस की फोन कर. पोरगी घेईल.

वरचे आशीर्वाद सवयीने लिहिले गेले. ठेवायचे की खोडायचे, ते तू ठरव.

ताई