चांदमारीतून परत आणलेली पेटी

प्रिय लिडिया,

थप्प. हा आवाज तुला आठवतो का गं? आपल्या गॅरेजात बर्फाच्या पहिल्या पेटीचं झाकण मिटलं तेव्हाचा. त्याआधीची बारा झाकणं नुसती खडखडली होती. तेरावं मात्र असं मिटलं, जशी मिस ओल्गांची पट्टी कवितेच्या शेवटच्या शब्दावर टेकायची. आमच्या एका खोलीच्या शाळेत आम्ही कविता म्हणत असू तेव्हा ती पट्टी टेबलावर ताल धरायची आणि शेवटी एकदाच, हलकेच वाजायची. मग बाहेरची कपाशीसुद्धा कान देऊन थांबलीय असं मला वाटे. तू सात वर्षांची होतीस. झाकण मिटलं आणि तू टाळ्या वाजवल्यास. अंकल व्हर्नन दिवसभर चिकटपट्टीचं भेंडोळं धरून उभा होता. तो म्हणाला, "एमिल, चर्चच्या दारापेक्षा घट्ट बसलंय बघ!" थंडीने सगळं गोठलं की आजी तिच्या चेक बोलीत जो शब्द उच्चारायची, तोच आपण पेटीला दिला. म्राझ.

यंदा पेकानची झाडं लगडली आहेत. कुत्रं म्हातारं झालंय, माझ्यासारखंच. टपालवाल्यावर बसूनच भुंकतं. मी पोर्चवर बसून शाळेतल्या कविता आठवत असतो. एखादी ओळ सकाळी हरवते आणि दुपारी दाढी करताना सापडते. हो, हल्ली दाढी दुपारी करतो. सकाळी कुणाकडे जायचं असतं?

जूनमध्ये तुझं ते दोन ओळींचं निवेदन आलं: बंदूकहक्कवाल्यांच्या संघटनेच्या सभासदांना तुझी म्राझ कंपनी यापुढे पेट्यांवर सवलत देणार नाही. त्या सकाळी बेकरीत गोड कोलाचे-पावांच्या रांगेत असा काही गदारोळ उठला की जर्दाळूचे कोलाचे दहा वाजेपर्यंत तसेच पडून होते, आणि हे आपल्या गावात कधी घडलेलं नाही. कुणी म्हणालं, "एमिलची पोर शहरात जाऊन शिष्ट झाली." दुसरा म्हणाला, "आता हरणं काय गोफणीने मारायची?" व्हर्ननची बायको अल्बिना मागून ओरडली, "अरे बाबांनो, तिने सवलत काढलीय, बंदूक नाही! आणि तू रे, तुला गेल्या सहा वर्षांत हरीण दिसलंय तरी का?" लोक हसले, पण राग काही गेला नाही. मीही चाळीस वर्षं त्या संघटनेचा सभासद. त्या संध्याकाळी फोनवर तुला काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुला ते पाठ असणार. मलाही आहे, आणि ती ओळ काही केल्या हरवत नाही.

मग चार जुलैनंतरच्या शनिवारी व्हर्ननच्या कुरणात चांदमारी ठरली. सगळ्या गावाने आपापल्या म्राझच्या पेट्या आणायच्या, रांगेत मांडायच्या आणि गोळ्या घालायच्या. तू हे कुठेतरी पाहिलंच असशील. कुणाच्या तरी नातीने चित्रफीत फिरवली. पण चित्रफितीत खरी गंमत आलेली नाही. चाळीस पेट्या गवताच्या गाड्यावर मांडल्या, व्हर्ननने सेनापतीसारखा हात वर केला, आणि तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "बिअर कुठाय?" बिअर होती, लिडिया, पण उन्हात. सॉसेज उन्हात, बटाट्याचं सॅलडही उन्हात. गावातल्या झाडून साऱ्या थंड पेट्या गोळ्या खायला उभ्या होत्या! अल्बिना तरातरा गेली, रांगेतल्या दोन पेट्या ओढून काढल्या, त्यात बर्फ ओतला आणि एकीवर बसकण मारून म्हणाली, "आधी जेवा, मग क्रांती करा."

जेवणं झाल्यावर बार सुरू झाले. एका पेटीने तीन गोळ्या खाल्ल्या तरी झाकण सोडलं नाही. कुणीतरी नकळत बोलून गेलं, "माल मात्र पक्का आहे हां!" सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. तो बिचारा टोपी सारखी करत आभाळाकडे बघत राहिला. आता ते दृश्य आठवून मी एकटाच हसतो आणि कुत्रं चमकून बघतं.

तिथे मी कसा होतो, हे तू विचारणार. रांगेतली सोळावी पेटी माझी होती. तीच, गॅरेजातली पहिली, तेराव्या झाकणाची. मी माझी हरणाची रायफल घेऊन गेलो होतो, पोरी. माझी पाळी आली. मी नेम धरला. शेजारच्या पेटीला बसलेल्या गोळीच्या धक्क्याने माझ्या पेटीचं जुनं झाकण उघडं पडलं होतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेली अक्षरं रायफलीच्या दुर्बिणीतून एवढी मोठी दिसत होती: "लिडिया झापालाक, वय ७, मुख्य तपासनीस." ते तू कधी कोरलंस? चाळीस वर्षं मी त्या पेटीतून मासे काढतोय आणि मला एकदाही दिसलं नाही. झाकण उघडलं की माणूस खालीच बघतो ना.

मी रायफल खाली ठेवली, पेटी उचलली आणि कुरणातून चालत घरी निघालो. व्हर्नन मागून ओरडला, "एमिल, तू नक्की कुणाच्या बाजूचा?" मला खूप काही म्हणायचं होतं. तोंडून एवढंच निघालं, "पेटीच्या."

तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. गुरुवारच्या डॉमिनोच्या ‘बेचाळीस’च्या डावाला सात आठवडे समोरची खुर्ची रिकामी. एकोणचाळीस वर्षांचा भिडू! चौघांच्या, दोन-दोन भिडूंच्या या खेळात भिडूशी बोलायची बंदी असते, समोरच्याच्या हातात काय आहे ते ठोकळ्यावरच्या त्याच्या बोटांवरून ओळखायचं. सात आठवडे तो नियमच पाळतोय, असं मी मनाला सांगतो.

आणि आता ऐक. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चचा मेळा. पाचशे माणसांचं तळलेलं चिकन, पोल्का, लिलाव, सगळं ठरलेलं. मेळ्याचा प्रमुख व्हर्नन. आणि अख्ख्या गावात बर्फ ठेवायला धड पेट्या किती? अल्बिनाच्या बुडाखालच्या दोन, आणि माझी एक! बेकरीत सगळे हे जाणतात आणि एकही बोलत नाही. जर्दाळूचे कोलाचे मात्र पुन्हा आठच्या आत संपतात.

अल्बिना सांगत होती, तू यंदा मेळ्याला येणार नाहीस म्हणून तिला कळवलंस. मला नाही, तिला. म्हणून हे पत्र. पेट्या पाठव म्हणून नाही, आणि निर्णय फिरव म्हणून तर मुळीच नाही. ते निवेदन मी आता मिस ओल्गांच्या पद्धतीने मोठ्याने वाचलंय, आणि तुझ्या दोन ओळी सरळ आहेत: सवलत काढलीय, बंदूक नाही. मी चुकलो. दोन्हीकडे चुकलो, फोनवर आणि कुरणात. तू ये. मेळ्यात बेचाळीसच्या स्पर्धेत मला भिडू नाही. माझ्या समोर बस. बोलायचं नाही, असा नियमच आहे. आपल्याला सोपं जाईल.

थांब, कुत्रं भुंकतंय, आणि उभं राहून भुंकतंय. खिडकीतून दिसतंय, फाटकात पिकअप लागलाय. मागे म्राझच्या सहा-सात पेट्या, प्रत्येक भोकावर चिकटपट्टी मारलेली. आणि पायरीवर व्हर्नन! एका हातात टोपी, काखेत डॉमिनोचा डबा. दार वाजवायला हात उचलतो आणि खाली घेतो, दोनदा झालं. काय मागायला आलाय ते त्याला सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. पण तुझी खुर्ची मी त्याला देणार नाही. त्याने अल्बिनाला भिडू घ्यावं. म्हणजे चौघं होतो.

दार उघडायला निघालेला,
तुझाच
डॅडी