चावलेला घास

आये, यांच्या तोंडात आता लाळ सुटत नाही. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि जावयाचं असलं गाऱ्हाणं सासूपुढे कुणी घालत नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू? घशात गाठ निघाली, मुंबईला नेऊन मशीनचे शेक दिले, गाठ गेली म्हणाले. आम्ही किन्हवलीत पेढे वाटले. मग हळूहळू कळलं की त्या शेकांनी लाळ तयार होते ती जागाही जाळून टाकली आहे. भाताचा घास तोंडात घातला की तो तसाच राहतो. वरून पाणी दिलं की पाणी जातं, भात राहतो. मग ते तो बोटाने काढून वाटीत ठेवतात, माझ्याकडे न बघता.

मला सारखं धसईचं घर आठवतं. मला गोवर आलाय, तोंड आतून सोलवटलंय आणि मी काही खात नाही. तू चुलीपुढे मला मांडीवर घेऊन बसतेस, भाताचा घास स्वतःच्या तोंडात घालतेस, चावत राहतेस, चावत राहतेस, मग बोटावर घेऊन माझ्या जिभेवर ठेवतेस. तो गोड लागतो. मी विचारते, साखर घातलीस काय? "साखर कुठली गो? चावलाय नुसता. गीळ आता." पुढे माझी मुलगी भात खायला लागली तेव्हा तू तिलाही तसंच भरवायला गेलीस. यांनी हसतच तिला तुझ्या मांडीवरून उचललं. म्हणाले, आई, उष्टं नको, जंतू जातात. तू बोटं पदराला पुसलीस आणि दुपारच्या मुरबाडच्या गाडीनेच धसईला परत निघालीस. मला तेव्हा यांचंच पटलं होतं. खरं सांगायचं तर आजही पटतं.

शहापूरच्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, समजावून सांगतात. भात गोड लागतो तो लाळेमुळे, म्हणाल्या. लाळ तोंडातच भाताची साखर करायला घेते. घास पोटात उतरला की तिथलं ॲसिड लाळेचं काम बंद पाडतं आणि पुढचं पचन पोट बघतं. पण ॲसिड कधी कधी वर घशातही येतं, आणि आपण दिवसभर नकळत लाळ गिळतो, तिनेच ते शांत होतं. यांच्याकडे गिळायला लाळच नाही, म्हणून छातीपासून गळ्यापर्यंत आग होते. मी ऐकत होते आणि मला त्या ॲसिडचाच राग येत होता. शेकांनी सगळं जाळलं, ते मात्र शाबूत ठेवलं. ते आत रोज तयार होतं, आणि खाली काहीच उतरत नाही तेव्हा यांनाच खातं.

मी धीर करून बाईंना विचारलं, मी चावून दिलं तर? त्या हसल्या नाहीत. तोंडात जखमा आहेत, दुसऱ्याच्या तोंडचं अजिबात चालणार नाही, म्हणाल्या. नाकातून नळी घालू. सोमवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर नळीशिवाय शरीर टिकणार नाही. हे उठून बाहेर गेले. जीपमध्ये बसल्यावर मला म्हणाले, "तोंड असताना नाकानं जेवायचा काय? नाय जमणार." त्यानंतर मी रडले, भांडले, मुलीच्या शपथा घातल्या. ते मान हलवतात आणि पाण्याची बाटली तोंडाला लावतात. आये, हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मरणार आहे, घरात कणगी भरलेली असताना. मी काय करू?

आज दुपारी हे ओटीवर पडले होते. मी मऊ भात केला, मीठ घातलं, वर तूप घातलं. बाईंनी नको म्हटलं ते आठवत होतं, तरी एक घास तोंडात घातला. चावून चमच्यावर घेईन, पेजेत कालवीन, यांना कळणारही नाही. चावत राहिले. तोंड लाळेने भरून आलं, इतकी लाळ की मलाच लाज वाटली. भात गोड झाला, आणि चमचा पुढे करण्याआधीच तो घशाखाली गेला. यांना जात नाही म्हणून मलाही कित्येक दिवस धड जेवण गेलेलं नाही. भांड्यात तळ दिसला तेव्हा मी थांबले. तेवढ्यात ओटीवरून यांनी विचारलं, "जेवलीस काय गो?"

मी म्हटलं, "नाय अजून."

हा कागद यांच्या हाती लागायला नको, लिहून झाला की चुलीत घालणार आहे. पहिला घास चुकून गेला, एवढं मी तुला सांगू शकते. दुसरा मी यांच्यासाठी घेतलाच नव्हता.