सहा-शून्य झालं तरी उठायचं नाही

ब्लॅक रिव्हर, जमैका
१४ जून २०१६

चि. डॉरेट हिस लिनवलदादाचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. महिनाभर राहायला आलेला भाऊ, तुम्ही चर्चला गेलात तेवढ्यात बॅग उचलून निघाला, याला काय म्हणावं ते तूच ठरव.

पासाडेनाच्या मैदानावर मेक्सिकोचा दुसरा गोल झाला आणि पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून, अगदी आपुलकीने, विचारलं की काका, तुम्ही कुठले? जमैकाच्या पिवळ्या जर्सीवर मी आधीच जाकीट चढवलं होतं. बार्बेडोसचा, म्हणालो. तू खाली बघितलंस. तुझी जोनेल मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिली. त्यानंतर तुझ्या घरात घास उतरेना.

काल उरुग्वेनेही तीन घातले. दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत आपण दोनदा पाहुणे म्हणून गेलो, गेल्या वर्षी तीन हरलो, यंदा तीन, आणि गोल एकही नाही. इथे डॉमिनोच्या टेबलावर शेजारचा सिल्बर्ट म्हणाला की असल्या पाहुण्यांनी निदान भांडी तरी घासून यायचं. सगळे हसले. डॉमिनोत ओळीने सहा डाव, सहा-शून्य, हरणाऱ्याने टोमणे संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, उठला तो कायमचा उठला, हे बाबांनी आपल्याला अंगणात शिकवलं. मी तर पाचव्या पराभवालाच, मेक्सिकोच्या सामन्यातच, उठलो गं. फार लाज वाटते.

राग ओसरला की थोडा लोभ ठेव.
तुझा, दादा

पासाडेना
२७ जून २०१६

ती. दादास डॉरेटचा सा. न. वि. वि.

राग आहेच. तुझ्यासाठी अॅकीची फळं घालून रांधलेले आपल्याकडचे मासे आम्हाला दोन दिवस पुरले. रामिरो म्हणतो, सामना आम्ही मेक्सिकोवाले जिंकलो ते सोड, पण माझी बायको नक्की कुठली, एवढं मेहुण्यांना विचारून ठेव.

काल चर्चमध्ये मुलांनी आपापल्या आईच्या देशावर, नकाशावर, टाचणी लावली. जोनेलने बार्बेडोसवर लावली. विचारलं तर म्हणते की हरलो की आपण तिथले असतो, मामाने सांगितलंय. दादा, ती टाचणी मी काढली नाही. बायका बघत होत्या.

आणि खरं सांगू? त्या दिवशी तू बार्बेडोस म्हणालास तेव्हा मला हायसं वाटलं होतं. खाली बघितलं ते त्यासाठी. आता कोणत्या तोंडाने मी पोरीला समजावू? तू मोठा आहेस, तूच लिही.

पळपुट्या भावावरही माया आहे.
तुझी, डॉरेट

ब्लॅक रिव्हर
९ जुलै २०१६

चि. जोनेल हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र आई वाचून दाखवेल. मध्येच थांबली तर थांबू देऊ नकोस.

मामा खोटं बोलला. आपले हरत होते, लोक हसतील असं वाटलं, म्हणून मी माझा देश लपवला. हरल्याची लाज त्या अकरा जणांनाही वाटली असेल, पण शिट्टी होईपर्यंत ते पिवळ्या जर्सीतच पळत होते. मी नुसता बसलेला होतो आणि तेवढंही मला जमलं नाही.

मी जमैकाचा आहे. तुझी आईही इथलीच. सहा सामने, सहा पराभव, गोल शून्य. कुणी विचारलं तर हे सगळं सांगायचं, काही न गाळता.

रविवारी आईचा हात धरून नकाशापाशी जा आणि टाचणी तिलाच काढायला लाव. बार्बेडोसपासून डावीकडे, जरा वर. बायका बघतील, बघू देत.

मामावर लोभ उरला असेल तर उलट टपाली कळव.
तुझा, लिनवलमामा